आईला ऱ्हाईन दाखवायची आहे: सहा देश, एक व्हिसा, मग अर्ज नेमका कोणाकडे?

प्रश्न : त्रिमूर्तीनगरवाला, नागपूर

नमस्कार मंडळी. जरा लांबलचक लिहितोय, पण अर्धवट सांगितलं तर सल्लाही अर्धवट मिळेल.

माझी आई ७१ वर्षांची आहे. काटोलच्या एका शाळेत तिनं ३१ वर्षं भूगोल शिकवला. वर्गात खिळा असायचा, पण त्यावर टांगायला नकाशा नसायचा, म्हणून ती फळ्यावर निळ्या खडूनं नद्या काढायची. वर्धा, वैनगंगा, मग दोघी मिळून प्राणहिता. आणि युरोपचा धडा आला की ऱ्हाईन. आल्प्समधून निघायची आणि हात न उचलता थेट उत्तर समुद्रात. मीही तिच्याच वर्गात होतो. ती रेघ मला आजही डोळे मिटून काढता येते.

बाबांना जाऊन दोन वर्षं झाली. त्यानंतर आईनं आमच्याकडे काहीच मागितलं नव्हतं. यंदा दिवाळीत डब्यात चिवडा भरता भरता एकदम म्हणाली, "ऱ्हाईन एकदा बघायला मिळाली असती तर बरं झालं असतं रे." मी तेव्हाच ठरवलं.

मे महिन्यात आई, मी आणि बायको असे तिघं जाणार. मुलगा आजोळी राहील. स्वित्झर्लंडमध्ये चार रात्री, तिथूनच लिक्टेनस्टाइन आणि ऑस्ट्रियाचं ब्रेगेन्झ एकेका दिवसात, मग फ्रान्सच्या स्ट्रासबुर्गला दोन, जर्मनीत कोब्लेंझ आणि कोलोन मिळून चार, शेवटी नेदरलँड्समध्ये रॉटरडॅमला तीन. नदी या सहाही देशांना शिवते, आणि शेंगेन व्हिसा काढला की सहाही देशांत फिरता येतं, इथपर्यंत मला कळलं आहे.

अडलंय ते पुढे. ज्या देशात जास्त रात्री, त्याच्याकडे अर्ज करायचा म्हणतात. माझ्या स्वित्झर्लंडच्या आणि जर्मनीच्या रात्री सारख्याच आहेत. एजंट म्हणतो की या दोन्हींकडे अर्ज द्यायच्या तारखा मिळणं कठीण, दुसऱ्या एका देशाची तारीख त्याच्याकडे आहे, तर कागदावर तिथल्या सात रात्री दाखवू, हॉटेलं बुक करू आणि अर्ज गेला की रद्द करू. शिवाय आईच्या खात्यात दोन महिन्यांसाठी पाचेक लाख आणून ठेवा म्हणतो. सगळे असंच करतात म्हणे. मला ते पटत नाहीये, पण माझा हा पहिलाच परदेश प्रवास, त्यामुळे ठामपणे नाहीही म्हणता येत नाही.

आणखी एक. अशी एका व्हिसात शेजारचे देश फिरायची सोय युरोपबाहेर कुठे आहे का? माझ्या मुलाला आफ्रिकेतल्या प्राण्यांचं वेड आहे, त्याला आत्तापासून वचन देऊन बसलोय.

उत्तर : वर्धा रोड

भाऊ, एवढं टेन्शन काऊन घेऊन राहिले? माझ्या ओळखीतल्या बम लोकांचे व्हिसे असेच झाले आहेत. एकदा स्टिकर लागला की आत कोणी विचारत नाही तुम्ही कुठे किती रात्री काढल्या. एजंट रोज हेच काम करतो, त्याला करू द्या. मेच्या तारखा आत्ता नाही धरल्या तर नंतर कुठल्याच देशाच्या मिळणार नाहीत, एवढं मात्र खरं आहे.

उत्तर : निवृत्त कॅशियर, लक्ष्मीनगर

वर्धा रोड, तुमच्या ओळखीतल्यांचं झालं याचा आनंद आहे. आमचं नाही झालं. म्हणूनच लिहायला बसले.

त्रिमूर्तीनगरवाले भाऊ, मी ३४ वर्षं बँकेत काढली, त्यातली बरीच कॅश काउंटरवर. कागदावर एक आणि हातात दुसरं, असं मी तिथे एक दिवस चालू दिलं नाही. आणि स्वतःच्या प्रवासाच्या वेळी मात्र चालू दिलं. २०२३ची गोष्ट. आम्हा दोघांना ऑस्ट्रिया आणि जर्मनी बघायचं होतं. एजंटानं तुम्हाला सांगितलं तेच आम्हाला सांगितलं. तिसऱ्याच एका देशाच्या आठ रात्री दाखवल्या. आमचे हे म्हणालेसुद्धा, "अगं, पण आपण तिथे जाणारच नाही ना?" मीच म्हटलं, तो रोज करतो, त्याला कळतं. आम्ही दुरांतोनं मुंबईला गेलो, बोटांचे ठसे दिले, परत आलो. चौथ्या दिवशी त्यानं हॉटेलं रद्द केली. वकिलातीनं हॉटेलला ईमेल करून विचारलं. हॉटेलनं कळवलं, या नावाचं बुकिंग आता आमच्याकडे नाही. हे मला कसं कळलं? नंतर मी स्वतः त्या हॉटेलला फोन लावून विचारलं.

नकाराचं पत्र एका पानाचं असतं. कारणांची यादी छापलेली असते आणि प्रत्येक कारणापुढे एक चौकोन. आमच्या पत्रावर एकाच चौकोनात बारीकशी फुली होती: प्रवासाचा हेतू आणि मुक्कामाबद्दल दिलेली माहिती विश्वासार्ह नाही. ज्या बाईनं आयुष्यभर दुसऱ्यांच्या सह्या पडताळल्या, तिच्यापुढे तो कागद. यांनी तो घडी करून पासपोर्टातच ठेवला, काही बोलले नाहीत. फी तेव्हा माणशी ८० युरो होती, ती गेली. व्हिसाचे अर्ज घेणाऱ्या केंद्राचं सेवाशुल्क गेलं, एजंटाचे पैसे गेले. पैशाचं दुःख महिनाभर राहिलं. त्या फुलीचं अजून आहे. आणि ती नोंद फक्त त्या एका देशाकडे राहत नाही. सगळ्या शेंगेन देशांची व्हिसाची माहिती एकाच यंत्रणेत असते आणि ती पाच वर्षं राहते. पुढच्या वेळी कुठल्याही देशाकडे गेलात तरी समोरच्या माणसाला ती दिसते.

आता तुमच्या प्रश्नाकडे येते.

नियम असा आहे. व्हिसा सगळ्यांचा मिळून एक, पण अर्ज तपासतो एकच देश. ज्या देशात तुमचा मुक्काम सर्वांत जास्त किंवा ज्या देशासाठी तुम्ही मुख्यतः निघालात, तो देश. दोन देशांचं पारडं सारखं असेल तर जिथून तुम्ही शेंगेनच्या हद्दीत पहिलं पाऊल टाकता, तो. तुमच्या ४-४ रात्रींत झुरिकला उतरलात तर स्वित्झर्लंड. पण इथे एक खाच आहे. मुंबईहून फ्रँकफुर्टला जाऊन तिथून झुरिकचं विमान बदललंत, तर तुमचा पासपोर्ट फ्रँकफुर्टलाच तपासला जातो. म्हणजे पहिला देश जर्मनी झाला! दोह्यावरून किंवा दुबईवरून सरळ झुरिकला उतरलात तर स्वित्झर्लंड. विमानाचं तिकीट स्वस्त मिळालं म्हणून बदललं आणि अर्जाचा देश चुकला, असं होऊ शकतं.

त्यापेक्षा सोपं म्हणजे पारडं सारखं ठेवूच नका. स्वित्झर्लंडमध्ये एक रात्र वाढवा, पाच करा. कारणही तुमच्याकडे खरंखुरं आहे: आईला नदीचा उगम बघायचा आहे. ऱ्हाईन ज्या टोमा तळ्यातून निघते म्हणतात ते २३०० मीटरच्या वर आहे, तिथे डोंगरवाटेनं चालत जावं लागतं, आईंना ते झेपायचं नाही. पण ओबरआल्प खिंडीपर्यंत रेल्वे जाते. स्टेशनाजवळ एक लाल दीपगृह उभं आहे. डोंगरात दीपगृह कशाला, तर समुद्राकाठी ऱ्हाईनच्या मुखाशी जे होतं त्याची ही छोटी प्रतिकृती. मूळ दीपगृह आता रॉटरडॅमच्या संग्रहालयात आहे. तुमच्या प्रवासाची दोन टोकं तिथेच जुळतात. फक्त मेमध्ये वर बर्फ असू शकतो, आईंना लोकरीचं आणि बंद बूट द्या. आणि कूर गावाजवळ राइशेनाउ म्हणून जागा आहे, तिथे पुढची आणि मागची ऱ्हाईन एकत्र येतात. वर्धा-वैनगंगेचा संगम शिकवलेल्या बाईला तिथे नक्की उभं करा.

दुसरं, तुमच्या प्रवासाचं एक छोटं पत्र अर्जासोबत लावा, एका पानाचं. त्यात नदीचं सरळ लिहा. आई भूगोलाच्या शिक्षिका, अमुक तारखेला इथे, तमुक तारखेला तिथे, शेवटी रॉटरडॅम. मी दुसऱ्यांदा, जानेवारी २०२५मध्ये, जर्मनीकडे अर्ज केला तेव्हा आधीच्या नकाराची हकीकतही चार ओळींत लिहिली होती. काहीही लपवलं नाही. तेव्हा फी ९० युरो झालेली होती (जून २०२४पासून). बाराव्या दिवशी पासपोर्ट घरी आले. यांनी पाकीट उघडायला माझ्याकडे दिलं आणि स्वतः गॅलरीत जाऊन उभे राहिले.

पाच लाखांचं तर मुळीच करू नका. मी काउंटरच्या आतल्या बाजूनं सांगते, अशी रक्कम विवरणपत्रात दुरूनही ओळखू येते. महिन्याला २८ हजार निवृत्तिवेतन जमा होतंय, बाराशे किराण्याचे, चारशे औषधांचे जातायत, आणि मध्येच एका मंगळवारी पाच लाख. तपासणाऱ्याची नजर तिथेच अडते. आईंचं निवृत्तिवेतन जसं आहे तसं दिसू द्या. खर्च तुम्ही करणार आहात ना? मग तसं लिहून द्या. तुमच्या पगाराच्या पावत्या, प्राप्तिकराची विवरणपत्रं, सहा महिन्यांचं बँकेचं विवरणपत्र, कामाच्या ठिकाणाहून रजा मंजूर झाल्याचं पत्र. नातं सिद्ध करायला तुमच्या पासपोर्टच्या शेवटच्या पानावर आईचं नाव असलं तर ते आईंच्या पासपोर्टवरच्या नावाशी अक्षर न् अक्षर जुळतं का ते आजच बघा. आपल्याकडे माहेरचं नाव, सासरचं नाव, मधल्या नावाचा घोळ फार.

विमा किमान ३०,००० युरोचा आणि सगळ्या शेंगेन देशांत चालणारा हवा. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर निदान तीन महिने चालणारा, दहा वर्षांच्या आत काढलेला, आणि दोन पानं कोरी. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, १५ दिवसांपेक्षा उशीर चालत नाही. निर्णय साधारण १५ दिवसांत देतात, पण ४५ दिवसांपर्यंतही लांबू शकतो. मेच्या प्रवासासाठी तुम्ही फेब्रुवारीत अर्ज दिलेला बरा. एजंटाला तारीख शोधण्याचं काम द्यायला माझी हरकत नाही. तारीख रोज सकाळी स्वतः बघा, कोणीतरी रद्द केली की मधूनच एखादी मोकळी होते. मला अशीच मिळाली होती.

स्टिकर हातात आला की तिथेच केंद्रावर तीन गोष्टी वाचा. एक, कुठून कुठवरच्या तारखा. दोन, राहण्याचे दिवस. हे दोन वेगळे असतात, लोक नेमकं इथेच फसतात. तारखांची खिडकी महिनाभराची असेल आणि दिवस २० लिहिले असतील तर २०च राहता येतं. आल्याचा दिवस आणि निघण्याचा दिवस दोन्ही धरतात. तीन, किती वेळा आत येता येईल. तिथे एक असा आकडा असेल तर घाबरू नका, स्वित्झर्लंडहून फ्रान्समध्ये गेलात म्हणजे दुसरा प्रवेश होत नाही. सहाही देश मिळून एकच अंगण समजतात. त्या अंगणाबाहेर, लंडनला वगैरे गेलात आणि परत आलात, तरच दुसरा प्रवेश लागतो.

वर्धा रोड म्हणतात आत कोणी विचारत नाही. एक प्रसंग सांगते. स्ट्रासबुर्गहून एक ट्राम निघते, ऱ्हाईनवरचा पूल ओलांडते आणि जर्मनीतल्या केल गावात जाते. शहरातली साधी ट्राम, शाळेची पोरं, भाजीच्या पिशव्या. आपण सावनेरहून पांढुर्ण्याला जाताना जसं फक्त पाट्या बदलल्यामुळे मध्य प्रदेश आलं हे कळतं, तसंच. मी खिडकीतून नदी बघत होते. पाणी हिरवट, वेगानं जाणारं, खाली एक लांबलचक मालवाहू बोट. मिनिटभरात फ्रान्स संपलं. केलला दार उघडलं तर दोन जर्मन पोलीस आत आले. जर्मनीनं सप्टेंबर २०२४पासून सगळ्या जमिनी हद्दींवर पुन्हा तपासणी सुरू केली आहे. ते सरळ आमच्याकडे आले. पासपोर्ट घेतले, पानं उलटली, विचारलं, कुठे राहता, किती दिवस, पुढे कुठे. मी हॉटेलचं नाव सांगितलं, उद्या कोब्लेंझ, परवा तिथेच, मग कोलोन. स्टिकरवरचा देश आणि मी सांगत होते तो प्रवास एकच होता. अर्ध्या मिनिटात पासपोर्ट परत. माझ्या हाताला कंप नव्हता. २०२३च्या त्या कागदांवर व्हिसा मिळाला असता तर मी त्या ट्राममध्ये काय सांगितलं असतं, हा विचार त्या रात्री झोपताना आला.

म्हणून देश बदलताना पासपोर्ट कायम अंगावर ठेवा, बॅगेत हॉटेलवर नको.

आणि कोब्लेंझच्या दोन रात्री कमी करू नका. तिथे मोझेल नदी ऱ्हाईनला मिळते. तीच मोझेल वर लक्झेंबर्गच्या कडेनं वाहते आणि तिच्या काठी शेंगेन नावाचं लहानसं गाव आहे. १४ जून १९८५ला पाच देशांनी हद्दीवरची तपासणी उठवण्याच्या कराराची सही त्या गावाजवळ, मोझेलमध्ये उभ्या असलेल्या बोटीवर केली. जागा अशी की लक्झेंबर्ग, फ्रान्स आणि जर्मनी तिन्हींच्या सीमा तिथे भेटतात. हद्दीवरची तपासणी प्रत्यक्षात उठली मार्च १९९५मध्ये, आणि पाचाचे आज २९ देश झालेत. ज्या व्हिसासाठी आपण एवढे कागद जमवतो त्याचा जन्म आईंच्या नदीच्या उपनदीवर झाला, हे त्यांना कोब्लेंझच्या संगमावर उभं राहून सांगा. त्यांना फार आवडेल.

त्रिमूर्तीनगरवाला

काकू (तुम्हाला काकू म्हटलं तर चालेल ना?), तुमचं उत्तर मी आईला मोठ्यानं वाचून दाखवलं. ट्रामचा भाग दोनदा वाचायला लावला. एजंटाला काल 'नाही' म्हणून सांगून टाकलं. तो थोडा नाराज झाला, पण फक्त तारीख बघून द्यायला तयार आहे.

एकच भीती उरली. आईच्या बोटांचे ठसे. आधार कार्डाच्या वेळी तिचे ठसे चार खेपांत उमटले होते. इतकी वर्षं खडू, त्याआधी शेतात निंदण. बोटांच्या टोकांवर रेघाच उरल्या नाहीत. मुंबईपर्यंत नेऊन परत पाठवलं तर? आणि तिला जावंच लागेल का?

निवृत्त कॅशियर, लक्ष्मीनगर

काकूच म्हणा, आनंदानं.

पहिल्यांदा अर्ज करणाऱ्याला ठसे द्यायला स्वतः जावं लागतं. सूट आहे ती बारा वर्षांखालच्या मुलांना, आणि ज्यांचे ठसे शरीराच्या कारणानं घेताच येत नाहीत त्यांना. उतारवयाची सूट नाही. एकदा दिले की पुढच्या ५९ महिन्यांत पुन्हा अर्ज केला तर तेच चालतात.

खडूचं दुखणं नोटा मोजणारीला ठाऊक आहे, माझ्या अंगठ्याचंही तसंच. पंधरा दिवस आधीपासून रात्री आईंच्या बोटांना खोबरेल तेल चोळा, झोपताना सुती हातमोजे. भांडी घासू देऊ नका. आदल्या रात्री मात्र तेल बंद. केंद्रावर जायच्या आधी कोमट पाण्यानं हात धुऊन नीट पुसायचे. माझ्या वेळी तिथली मुलगी फार चांगली होती. ओल्या कापडानं माझं एकेक बोट पुसलं, स्वतःच्या दोन बोटांनी वरून हलकं दाबून धरलं, तिसऱ्यांदा हिरवा दिवा लागला. ठसे पुसट आहेत म्हणून कोणी घरी पाठवत नाही. जेवढे येतात तेवढे घेतात आणि नोंद करतात.

सकाळी उतरून त्याच दिवशी धावपळ करू नका. दुपारची वेळ घ्या, किंवा एक दिवस आधी जा. आईंना रांगेत खुर्ची मागा, देतात.

उत्तर : उमरेड रोडचा पक्षीवाला

आफ्रिकेचं मी सांगतो. आपल्या नागपूरच्या मुलांना वाघ बघायला ताडोबा, पेंच, उमरेड-कऱ्हांडला दोन-अडीच तासांत, त्यामुळे पुढचं स्वप्न मसाई माराचंच असतं. तुमच्या पोराचं बरोबर चाललंय.

केनिया, युगांडा आणि रवांडा या तीन देशांचा मिळून पूर्व आफ्रिका पर्यटक व्हिसा आहे, २०१४पासून. फी १०० डॉलर, मुदत ९० दिवस, आणि तिघांमध्ये हवं तितक्यांदा जा-ये. अर्ज ज्या देशात पहिल्यांदा उतरणार त्याच्याकडे. इथे रात्री मोजायच्या नसतात, शेंगेनपेक्षा हा नियम सुटसुटीत.

पण टांझानिया त्यात नाही! बहुतेकांचा घोटाळा इथे होतो. केनियातला मारा आणि टांझानियातली सेरेंगेटी हे एकच गवताळ रान आहे, मधून फक्त हद्दीची रेघ. विल्डबीस्टांचे कळप ती रेघ ओलांडतात आणि माणसाला वाटतं आपणही जाऊ. गेलात की हा संयुक्त व्हिसा तिथे संपला, केनियात परतताना नवीन परवानगी लागेल. मी आधी दोन्ही एकत्र ठरवलं होतं, मग कागद वाचला आणि सेरेंगेटी सोडून दिली. वाईट वाटलं, पण त्याऐवजी रवांडाची राजधानी किगालीहून रस्त्यानं युगांडात ब्विंडीच्या जंगलात गेलो, आणि त्या हद्दीवर या व्हिसाचा खरा उपयोग झाला. एक शिक्का, दहा मिनिटं. पर्वतीय गोरिला बघण्याची परवानगी युगांडात ८०० डॉलर आणि रवांडात १५०० डॉलर, म्हणून किगालीत उतरून ब्विंडी गाठणारे पुष्कळ भेटतात. गोरिलांसाठी वय मात्र किमान १५ लागतं, मुलाचं वय बघून वचन द्या.

फक्त केनिया करायचा असेल तर हा व्हिसा घेऊ नका. जानेवारी २०२४पासून केनियाला व्हिसाच नाही, आधी ऑनलाइन प्रवास परवानगी घ्यायची, ३० डॉलरच्या आसपास. तीनपैकी किमान दोन देश असतील तरच हिशोब करून बघा.

आणि पीतज्वराची लस. अधिकृत केंद्रावरच मिळते, निघण्याच्या किमान दहा दिवस आधी घ्यायची, पिवळं कार्ड जपून ठेवायचं. ते नसेल तर परत येताना आपल्याच विमानतळावरून सहा दिवस वेगळं ठेवू शकतात.

वर्धा रोड

काकू, मी जे लिहिलं ते ऐकीव होतं. नकाराची नोंद पाच वर्षं सगळ्यांना दिसते हे मला माहीत नव्हतं. आमच्या साळ्यानं याच पद्धतीनं पुढच्या आठवड्यात अर्ज द्यायचं ठरवलं आहे, त्याला तुमचं उत्तर पाठवलं. भाऊ, आईंना नमस्कार सांगा.

त्रिमूर्तीनगरवाला

तारीख मिळाली. फेब्रुवारीचा दुसरा आठवडा, स्वित्झर्लंडकडेच, दुपारी अडीचची. आदल्या रात्रीच्या आधीच्या दुरांतोची तिकिटं काढली, खालचा बर्थ आईला. स्वित्झर्लंडच्या पाच रात्री केल्या, सगळी हॉटेलं खरी. विमान दोह्यावरून सरळ झुरिक, परतीचं अ‍ॅमस्टरडॅमहून. खोबरेल तेल आणि हातमोजे कालपासून सुरू. भांडी बायकोनं आणि मी वाटून घेतली आहेत, आईला ते मुळीच आवडलेलं नाही.

पक्षीवाले, मुलगा बारा वर्षांचा आहे. तीन वर्षं थांबायचं कबूल केलं त्यानं, पण लेखी मागितलं.

पत्रासाठी मी नदीची माहिती लिहीत होतो. आईची जुनी टिपणवही काढली, त्यात तिच्या अक्षरात 'ऱ्हाईन, लांबी १३२० किमी'. मी ताडून बघितलं तर आता १२३० लिहितात. कित्येक वर्षं मोठमोठ्या संदर्भग्रंथांत १३२० छापत होते, मधले दोन आकडे कधीतरी उलटे पडले होते, आणि ते २०१०मध्ये एका जर्मन अभ्यासकाच्या लक्षात आलं. आईला सांगितलं. तिनं चष्मा लावला, वही मांडीवर घेतली, बराच वेळ त्या ओळीकडे बघत राहिली. ३१ वर्षं शिकवलं होतं ना. मग पेन मागितलं, एक सरळ रेघ मारून आकडा खोडला, वर १२३० लिहिलं आणि बाजूला आजची तारीख घातली. मला म्हणाली, "पत्रात हाच लिही."